बॉर्दोची ज्येष्ठतायादी

सरकारी नोकरीत ज्याने दहा-पंधरा वर्षे काढली आहेत त्याला ज्येष्ठतायादी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. वरून तातडीचे पत्र येते; कचेरीत जुन्या नोंदवह्या निघतात; आठ-पंधरा दिवसांत एक यादी तयार होऊन वर जाते. तयार करणारे स्वतःच लिहितात की, ही केवळ माहितीसाठी आहे, हिला अधिकृत समजू नये. मग पत्र पाठविणारे बदलून जातात, यादी करणारे निवृत्त होतात, पण यादी मात्र जागच्या जागी राहते. आणि एक दिवस असा उजाडतो की, कामावरून क्रमांक ठरण्याऐवजी क्रमांकावरून काम जोखले जाऊ लागते.

अशा याद्या आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. परंतु एकशे सत्तर वर्षे टिकून राहिलेली, आणि एवढ्या काळात जिच्यात एकच भर पडली व एकच बढती झाली, अशी एक यादी फ्रान्सच्या नैऋत्येस बॉर्दो शहरी आहे. ती माणसांची नाही. तांबड्या वाइनची आहे.

परगावी नेमणुकीवर असलेल्या आपल्यासारख्यांपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच. घरी पाहुणे यावयाचे असतात, किंवा परदेशच्या दौऱ्यात एखादी बाटली घ्यावीशी वाटते. दुकानात नव्याने आलेल्या बाटल्यांची रांग उभी असते. एकीवर मोठे नाव आणि त्याहून मोठा आकडा. दुसरीवर अनोळखी नाव आणि बेताचा आकडा. पगाराला झेपेल आणि जिभेलाही पटेल अशी बाटली यांतून निवडावी कशी? ज्यांची नेमणूक गुजरातेत किंवा २०१६ पासून दारूबंदी असलेल्या बिहारात आहे, त्यांनी पुढील मजकूर निव्वळ इतिहास म्हणून वाचावा. वस्तुतः तो इतिहासच आहे. कारण आजच्या बाटलीवरील भाव हा बहुतांशी जुन्या घडामोडींचा साठलेला गाळ असतो, आणि तो गाळ ओळखता आला की निवड निम्मी झाली असे समजावे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाइन जितकी जुनी तितकी भारी, ही समजूत सनातन नाही. इ. स. ११५२ मध्ये आक्विटेन प्रांताची वारस एलेनॉर हिने हेन्री प्लँटाजेनेटशी विवाह केला. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, आणि बॉर्दोचा मुलूख १४५३ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे, इंग्रज राजांच्या अमलाखाली राहिला. दर शरद ऋतूत गलबतांचा तांडा नव्या वाइनची पिपे भरून इंग्लंडकडे जाई. त्या काळी नवी वाइन महाग असे आणि जुनी स्वस्त. लाकडी पिपात हवा शिरे, आणि वर्ष उलटता उलटता आतील वाइन आंबट होऊन सिरक्याच्या वाटेला लागे. नवा माल बंदरात लागला की गतवर्षीच्या मालाचा भाव कोसळे. सतराव्या शतकात इंग्लंडात दगडी कोळशाच्या भट्टीवर जाड काचेच्या मजबूत बाटल्या होऊ लागल्या, त्यांना बुचाची जोड मिळाली, आणि हवाबंद बाटलीत काही वाइन बिघडण्याऐवजी सुधारते असा शोध लागला. तेव्हापासून हा व्यवहार उलटा फिरला. नवी बाटली ही तयार वस्तू न राहता एक वचन झाली; आणि जेथे वस्तूऐवजी वचन विकले जाते तेथे वचन देणाऱ्याच्या नावाला भाव येतो.

हे नाव प्रथम कोणी कमावले तेही आपल्याला ठाऊक आहे. बॉर्दोच्या न्यायमंडळाचा अध्यक्ष आर्नो द पोंताक याचा शहराजवळ ओ-ब्रियाँ नावाचा मळा होता. सरसकट 'बॉर्दोची वाइन' म्हणून माल खपविण्याऐवजी त्याने आपल्या मळ्याच्या नावाने तो लंडनला पाठविला. १० एप्रिल १६६३ रोजी सॅम्युएल पीप्स या आरमारखात्यातील अधिकाऱ्याने लंडनच्या एका खाणावळीत ती वाइन चाखली आणि तिच्या वेगळ्याच चवीची नोंद त्याच रात्री रोजनिशीत केली. नाव त्याने कानावर पडले तसे, अशुद्ध लिहिले. पण एका मळ्याच्या वाइनचे नाव लक्षात ठेवावेसे वाटले हेच महत्त्वाचे. १६६६ च्या आगीनंतर पोंताकाच्या मुलाने लंडनमध्ये पोंताकच्या नावाचीच एक ऐटबाज खाणावळ काढली, आणि मळ्याच्या कीर्तीला राजधानीत कायमचा पत्ता मिळाला.

१६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक स्वतः तो मळा पाहावयास गेला. त्याला दिसली ती पांढरट वाळू आणि खडे. येथे काही उगवेल असे वाटू नये अशी जमीन. खडकाळ जमिनीतून पाणी चटकन निचरून जाते, खडे दिवसाची ऊब धरून ठेवतात आणि वेलीला मुळे खोल न्यावी लागतात, हे गुण त्या जमिनीत होते. परंतु लॉकने भावाविषयी जे नोंदले ते अधिक मार्मिक आहे. उत्तम वाइनच्या एका मापाला, म्हणजे सुमारे नऊशे लिटरांना, काही वर्षांपूर्वी ५०-६० क्राउन पडत; आता ८० ते १०० पडू लागले होते. याला कारण जमीन नव्हे, हवामान नव्हे. 'वाटेल तो भाव द्या, पण उत्तमच पाठवा' असे हुकूम सोडणारे हौशी इंग्रज ग्राहक आपापसांत चढाओढ करीत आहेत, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. गुण जागच्या जागी होता. वाढला होता तो भाव. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजच्या ग्राहकानेही खिशात बाळगावी अशी आहे.

पुढल्या शतकात मळ्यांच्या नावांची उतरंड व्यापाऱ्यांच्या मनात पक्की होत गेली. १७८७ च्या मे महिन्यात अमेरिकेचा फ्रान्समधील वकील टॉमस जेफर्सन बॉर्दोला आला. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण त्या वेळी तो वहीपेन्सिल घेऊन मळे पाहत हिंडणारा चौकस अधिकारी होता. त्याने पहिल्या प्रतीचे चार मळे नोंदले: मार्गो, लातूर, ओ-ब्रियाँ आणि लाफीत. (यांतील लातूरचा आपल्या मराठवाड्यातील लातूरशी काडीचाही संबंध नाही, उच्चाराचा तो योगायोग आहे.) त्याखाली त्याने दुसऱ्या प्रतीचे मळे लिहिले, त्यांत मार्गो गावचा रोझाँ हा मळा होता. गंमत अशी की, पुढे १७९३ च्या सुमारास एका परिचिताला वाइनविषयी सल्ला देताना जेफर्सनने, आपण स्वतःसाठी रोझाँ मागवितो आणि ती त्या पहिल्या चारांपैकी कोणाच्याही बरोबरीची समजतो, असे कळविले. पहिल्या प्रतीची यादी त्याने लिहिली, आणि खरेदी मात्र दुसऱ्या प्रतीतून केली! शिवाय मधल्या व्यापाऱ्याकडे मालात मिसळ होते हे ओळखून थेट मळेवाल्याकडून मागविण्याचा त्याचा आग्रह असे. मोलाची वाइन निवडण्याची कला पुस्तकात शोधण्याची गरज नाही. ती या एका माणसाच्या वागण्यात सापडते.

आता ज्येष्ठतायादीकडे वळू. बॉर्दोच्या व्यापारात मळेवाला आणि निर्यातदार व्यापारी यांच्यामध्ये दलाल असे. आपल्या बाजारपेठेतील दलालासारखाच तो; माल त्याचा नव्हे, पण कोणाचा माल कोणत्या साली कोणत्या भावाने गेला याची वही त्याच्याकडे. गियोम लॉटन या दलालाने १८१५ मध्येच आपल्या अनुभवावरून मळ्यांची प्रतवारी लिहून ठेवली होती. अशा वह्या धंद्याच्या अंतर्गत उपयोगाच्या होत्या. कोणी त्या भिंतीवर टांगीत नसे.

१८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. बॉर्दोच्या वाइन तेथे मांडावयाच्या होत्या. त्यांच्यासोबत प्रतवारीचा तक्ता हवा होता. बॉर्दोच्या व्यापारमंडळाने ५ एप्रिल रोजी दलालांच्या संघास पत्र लिहून तांबड्या वाइनच्या प्रतवारीची मागणी केली. १८ एप्रिल रोजी उत्तर आले. अवघ्या तेरा दिवसांत पाच वर्गांची यादी सिद्ध झाली. यासाठी वाइन चाखण्याची परीक्षा झाली नाही, मळ्यांची पाहणी झाली नाही. वह्या काढल्या, अनेक वर्षांचे भाव पाहिले, आणि ज्याला सातत्याने जास्त भाव त्याला वरचा वर्ग, या न्यायाने नावे उतरविली. पहिल्या वर्गात चार नावे आली, आणि ती जेफर्सनने अडुसष्ट वर्षांपूर्वी लिहिलेलीच चार होती.

दलालांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी सोबतच्या पत्रात, प्रतवारी हे किती नाजूक प्रकरण आहे व तिने कशी मने दुखावतात याची जाणीव दिली, आणि थोर वाइनचा अधिकृत तक्ता रचण्याचा आपला विचार नसून उत्तमोत्तम आधारांवरून केलेले एक टिपण आपण सादर करीत आहोत, असा खुलासा केला. कोणत्याही जाणत्या कारकुनाने जोडावा तसाच तो खुलासा होता. यादी जगप्रसिद्ध झाली. खुलासा फायलीत राहिला.

त्या यादीत काय सुटले हे पाहिले की तिचे खरे स्वरूप कळते. कांतमेर्ल नावाच्या मळ्याचा माल बरीच वर्षे थेट हॉलंडच्या व्यापाऱ्यांना जात असे. बॉर्दोच्या दलालांच्या वहीत त्याच्या भावाची नोंद पुरेशी नव्हती, म्हणून त्याचे नाव आले नाही. मालकिणीने पाठपुरावा केल्यावर त्याच वर्षी पाचव्या वर्गाच्या शेवटी ते जोडले गेले. हीच ती एक भर. नदीपलीकडचे सेंत-एमिलियाँ आणि पोमरोल हे प्रदेश तर यादीत मुळीच नाहीत. कारण तेथील माल लिबूर्न शहराच्या पेठेतून जात असे आणि ते बॉर्दोच्या दलालांचे कार्यक्षेत्र नव्हते. आज जगातील अत्यंत महाग वाइनमध्ये गणली जाणारी पेत्र्यूस ही पोमरोलची आहे, आणि पोमरोलची आजतागायत एकही अधिकृत प्रतवारी झालेली नाही. नोंद नाही म्हणून गुण नाही, असा हा हिशेब होता.

या यादीत भारताचाही एक धागा आहे. सँ-तेस्तेफ गावचा लुई-गास्पार देस्तूर्नेल हा मळेवाला आपला माल जहाजाने भारतापर्यंत धाडीत असे. न खपता परत आलेली काही पिपे प्रवासाच्या हालचालीने व उष्णतेने अधिक चवदार झाली असे त्याला आढळले, आणि 'हिंदुस्थानातून परतलेली' वाइन म्हणून तिला मान मिळू लागला. गडी एवढा खूष झाला की, त्याने आपल्या कोठारावर पौर्वात्य घाटाचे मनोरे चढविले. लोक त्याला सँ-तेस्तेफचा महाराजा म्हणू लागले. महाराजाच तो, कर्जही महाराजाला शोभेल असे झाले. १८५२ मध्ये मळा लंडनच्या एका सावकाराला विकावा लागला, आणि दुसऱ्या वर्षी, नव्वदी उलटलेला देस्तूर्नेल वारला. दोनच वर्षांनी यादीत त्याच्या मळ्याला दुसरा वर्ग मिळाला. मनोरे आजही उभे आहेत.

दुसऱ्या वर्गाच्या अग्रभागी मूताँ हा मळा होता. १८५३ मध्ये तो रॉथ्सचाइल्ड घराण्याने विकत घेतला होता. या घराण्यातील फिलिप याने १९२२ मध्ये कारभार हाती घेतला, आणि १९२४ पासून पिपे व्यापाऱ्याकडे न धाडता सर्व माल मळ्यावरच बाटल्यांत भरण्याची प्रथा पाडली. नंतर त्याने पहिल्या वर्गासाठी अर्ज-विनंत्यांचा जो सपाटा लावला तो अर्धशतक चालला. अखेर १९७३ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तत्कालीन कृषिमंत्री जॅक शिराक यांच्या सहीने, मूताँस पहिला वर्ग मिळाला. एकशे अठरा वर्षांतील ही पहिली बढती, आणि आजवरची शेवटची.

यादीतील क्रमांक जमिनीला नाही, मळ्याच्या नावाला आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. एखाद्या मळ्याने त्याच गावात शेजारच्याची जमीन विकत घेतली की तिच्यावरील द्राक्षे आपोआप वरच्या वर्गात जातात. विकली की खाली येतात. १८५५ मधील कित्येक मळ्यांच्या सीमा पार बदलून गेल्या आहेत. मालक बदलले, वेली बदलल्या. फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, आणि कलमे अमेरिकन खुंटांवर बांधून नवी लागवड करावी लागली. म्हणजे जमीन, वेल, मालक, कारागीर यांपैकी काहीही कायम नसताना क्रमांक तेवढा कायम आहे!

यादी वेळोवेळी सुधारली असती तर न्याय झाला असता काय? नदीपलीकडच्या सेंत-एमिलियाँने तो प्रयोग करून पाहिला. १९५५ मध्ये तेथे प्रतवारी झाली व ती साधारण दर दहा वर्षांनी तपासावयाची असे ठरले. २००६ ची यादी न्यायालयात अडकली. नंतर तेथील सर्वांत मानाच्या मळ्यांपैकी ओझोन, शव्हाल ब्लाँ व आंजेल्यूस यांनी २०२१-२२ मध्ये प्रतवारीतून अंगच काढून घेतले. न बदलणारी यादी अन्याय करते आणि बदलणारी यादी दावे लावते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

जीभ आणि यादी यांची समोरासमोर गाठ पडली म्हणजे काय होते याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदाराने नावे झाकून वाइनची परीक्षा ठेवली. परीक्षक फ्रेंच आणि त्या क्षेत्रातील जाणकार. तांबड्या वाइनमध्ये मूताँ आणि ओ-ब्रियाँ यांच्या १९७० सालच्या बाटल्या होत्या. पहिला क्रमांक मात्र कॅलिफोर्नियातील 'स्टॅग्ज लीप' या मळ्याच्या १९७३ सालच्या वाइनला मिळाला. कागद झाकला की जीभ बोलू लागते, एवढाच याचा अर्थ.

आता नव्या बाटल्यांच्या बाजाराकडे येऊ. बॉर्दोत द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. पुढील वसंतात, वाइन अजून पिपात असताना, व्यापारी व समीक्षक ती चाखतात. मळेवाले भाव जाहीर करतात. आणि ग्राहक पैसे आगाऊ मोजतो. बाटली हाती पडावयास आणखी दीड-दोन वर्षे लागतात. कोकणात मोहोर पाहून आंब्याची कलमे उक्ती घेणारा व्यापारी जो जुगार खेळतो, त्याच जातीचा हा सौदा आहे. जोखीम पत्करणाऱ्याला सवलत मिळावी हा त्यामागील मूळ न्याय. १९८२ चे पीक आले तेव्हा रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलाने, इतर काही जण साशंक असताना, ते पिपातच ओळखले व वाखाणले. ज्यांनी तेव्हा विकत घेतले त्यांचे सोने झाले. त्या एका सालाने पार्करचे नाव झाले, आणि त्याच्या शंभरांपैकी गुणांचा आकडा ही बॉर्दोची दुसरी ज्येष्ठतायादी बनली.

पण त्यानंतर मळेवाल्यांनी ती सवलत हळूहळू स्वतःच्या खिशात घातली. १९९७ चे बेताचे पीक चढ्या भावाने विकले गेले आणि ग्राहकांचे हात पोळले. २००९ आणि २०१० ही पिके उत्तम होती, पण त्यांचे भावही गगनाला भिडले. आगाऊ पैसे मोजणाऱ्या अनेकांना पुढे तीच बाटली बाजारात कमी भावाने दिसली. २०१२ मध्ये लातूरने तर आगाऊ विक्रीची पद्धतच सोडत असल्याचे जाहीर केले. वाइन पिण्याजोगी झाल्यावरच ती आपल्या तळघरातून बाहेर काढावयाची असे ठरविले. अशा वेळी सामान्य ग्राहकाने एक साधा नियम पाळावा: नव्या सालाचा भाव ऐकल्याबरोबर त्याच मळ्याच्या तीन-चार वर्षे जुन्या बाटलीचा भाव विचारावा. जुनी तेवढ्यातच मिळत असेल तर नव्यासाठी थांबण्याचे आणि जोखमीचे पैसे आपण का द्यावे?

या सगळ्या इतिहासातून निवडीचे जे धोरण निघते ते थोडक्यात असे. साल चांगले असेल तर घर लहान पाहावे; साल बेताचे असेल तर घर मोठे पाहावे. २००५ किंवा २०१६ सारख्या सालात ऊन-पावसाने सर्वांनाच साथ दिली. लहान मळ्यातही द्राक्षे पुरी पिकली, आणि मोठ्या नावासाठी जास्त पैसे देण्याचे कारण उरले नाही. उलट पावसाने बिघडलेल्या सालात निकृष्ट घड टाकून देण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे तोच बरी वाइन करू शकतो. दुसरे असे की, मोठे मळे कोवळ्या वेलींची किंवा मुख्य मिश्रणात न बसलेली वाइन दुय्यम नावाने विकतात. लातूरची अशी 'ले फोर द लातूर' १९६६ च्या पिकापासून सुरू झाली. हात तोच, भाव कमी. मात्र प्रसिद्ध घरांची दुय्यम नावेही आता स्वतःच्या पायांवर महाग होऊन बसली आहेत. तेव्हा मधल्या वर्गातील घरांकडे पाहावे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, यादीने ज्यांच्याकडे पाहिले नाही तिकडे आपण पाहावे. मेदोक प्रदेशातील मुलीस गावी पुजो आणि शास-स्प्लीन हे मळे १८५५ च्या यादीत नाहीत, पण त्यांची वाइन यादीतल्यांच्या पंक्तीला बसते. नदीपलीकडचा फ्रोंसाक हा प्रदेश अठराव्या शतकात सेंत-एमिलियाँहून वरचढ मानला जाई. कीर्ती सरली, टेकड्या तेथेच आहेत. फ्रोंसाक, कास्तियाँ, बूर या बाजूंना मेर्लो जातीच्या द्राक्षांवर भर असतो. काबर्ने सोव्हिन्याँच्या नव्या वाइनचा तुरटपणा मवाळ होण्यास वर्षे लागतात. मेर्लोची वाइन त्यामानाने लवकर बोलू लागते. ज्याच्याकडे थंड तळघर नाही, आणि तीन वर्षांनी ज्याची बदली ठरलेली आहे, त्याने वीस वर्षे राखण्याची बाटली घेण्यात काय हशील? यादीबाहेरच्या मेदोक मळ्यांचीही एक मंडळी आहे: क्र्यू बूर्झ्वा. १९३२ मध्ये तिच्यात ४४४ नावे होती. २००३ ची तिची प्रतवारी २००७ मध्ये न्यायालयाने रद्द केली. २०२० पासून मात्र तीन पायऱ्यांची आणि दर पाच वर्षांनी, वाइन चाखून, तपासली जाणारी प्रतवारी तेथे लागू आहे. कित्येक पिढ्यांपूर्वीची पुण्याई नव्हे तर अलीकडचे काम तेथे मोजले जाते.

आपल्याकडे या सर्वांवर आयातशुल्क आणि राज्याराज्यांचे अबकारी कर चढतात, आणि स्वस्त बाटलीही स्वस्त राहत नाही हे खरे. परंतु त्यामुळेच विचारपूर्वक निवड अधिक गरजेची ठरते. निविदा उघडणाऱ्या आपल्यासारख्यांना ठाऊक आहे की, सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत चांगली खरेदी नव्हे. तसाच सर्वांत चढा दर म्हणजेही नव्हे. मराठीत भाव आणि मोल असे दोन शब्द आहेत ते उगीच नाहीत. भाव बाजार ठरवितो, मोल वापरणारा ठरवितो. आणि शहाणी खरेदी ही या दोहोंमधील फटीत असते.

एवढे सांगून मी थांबलो असतो. परंतु त्या फटीत केवळ ग्राहकाचा फायदा नाही, माणसेही आहेत. पहिल्या वर्गाच्या एका बाटलीला जेथे शेकडो युरो पडतात, त्याच बॉर्दोत हजारो लहान मळेवाल्यांचा माल उत्पादनखर्चही न निघणाऱ्या भावाने जातो. फ्रान्समध्ये तांबडी वाइन पिणे कमी झाले, परदेशची मागणी ओसरली, आणि यादीतील नावांच्या झगमगाटात यादीबाहेरचा चांगला मळा कोणाच्या नजरेस पडेना. २०२३ मध्ये सरकार आणि वाइन-व्यावसायिकांची संघटना यांनी मिळून बॉर्दो भागातील ९,५०० हेक्टरांपर्यंत वेली मुळासकट उपटण्याची योजना मांडली. मोबदला हेक्टरी ६,००० युरो. ज्या वेली आजोबाने लावल्या त्या नातवाने अनुदानाचा अर्ज भरून उपटावयाच्या! द्राक्षबागेवर कुऱ्हाड चालविणे म्हणजे काय, हे नाशिक-सांगलीच्या कोणत्याही बागाइतदाराला विचारावे; त्याला भाषांतराची गरज पडणार नाही.

१८५५ च्या त्या दलालांनी वाईट काम केले असे मी म्हणणार नाही. त्यांना विचारले ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले: आजवर कोणाला काय भाव मिळाला. पुढच्या पिढ्यांनी त्याचा अर्थ केला: यापुढे कोणाला काय भाव मिळावा. चूक यादी करणाऱ्यांची नव्हे, यादीवर विसंबून चाखणे सोडून देणाऱ्यांची आहे. तेव्हा नव्या सालाच्या बाटल्यांसमोर आपण पुन्हा उभे राहू तेव्हा मोठ्या नावाला अवश्य नमस्कार करावा, आणि मग जेफर्सनप्रमाणे शेजारच्या मळ्याची बाटली उचलावी. घरी येऊन बूच काढावे, नाव झाकावे, आणि जिभेला विचारावे. दलालांचा तो विसरला गेलेला खुलासा एवढेच तर सांगत होता.